जुन्या गाडीचे नटबोल्ट आणि बारीक सुटे भाग घरी झिंक प्लेटिंग करावेत का?

हरिपूरकर:

नमस्कार मंडळी. वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या सांगलीच्या घरी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा ही गाडी चार दिवस पाण्याखाली होती. त्यानंतर ती तशीच झाकून ठेवली होती. गेल्या दिवाळीपासून मी ती एकेक भाग सुटा करून पुन्हा उभी करत आहे. पत्र्याचे काम आणि इंजिन यांची व्यवस्था झाली आहे. माझी अडचण बारीक लोखंडी भागांची आहे. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट, कार्बोरेटरच्या दांड्या, वायरिंगच्या क्लिपा, रेडिएटरच्या पट्ट्या, वॉशर असे दोनशेच्या आसपास तुकडे डब्यांत पडून आहेत आणि त्यांच्यावरचा मूळ झिंकचा, म्हणजे जस्ताचा, थर बहुतेक ठिकाणी गेला आहे.

एमआयडीसीतील एका प्लेटिंगवाल्याकडे, म्हणजे विजेने धातूचा थर चढवणाऱ्याकडे, पहिला डबा दिला होता. एवढा लहान लॉट स्वतंत्र चालवता येत नाही म्हणून त्यांनी तो दुसऱ्या मालाबरोबर बॅरलमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पिंपात, टाकला. परत आला तेव्हा सतरा तुकडे कमी होते आणि दोन नाजूक क्लिपा वाकल्या होत्या. म्हणून विचारतो, हे काम घरी नीट करता येते का? व्हिनेगर आणि बॅटरी चार्जर वापरून काही लोक करतात असे ऐकले आहे. तो थर टिकतो का, आणि त्यात धोका कोणता, हे अनुभवी लोकांनी सांगावे.

मिरज_गॅरेज:

दादा, माझे मत स्पष्ट सांगतो. दोनशे तुकड्यांसाठी एवढा खटाटोप करू नये. बाजारात स्टेनलेसचे बोल्ट मिळतात, ते लावा. पुन्हा गंजाची चिंताच राहणार नाही.

प्रिया_१५०:

मिरजकर, आपल्या अनुभवाचा आदर राखून असहमती नोंदवतो. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत असे. त्यातल्या दोन स्कूटर मी मूळ रूपात उभ्या केल्या आहेत. पहिलीला मी सगळीकडे स्टेनलेस बोल्ट लावले होते. ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये बसवलेले बोल्ट दोन पावसाळ्यांनंतर काढायला गेलो, तर ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊन आटे धरून बसले होते. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की झीज ॲल्युमिनियमची होते. शिवाय स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट आवळला की आटे कधी कधी जागीच जखडतात. आणि बाजारात सर्रास मिळणारा ए२-७० प्रतीचा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलपर्यंत ताण सोसतो, तर ८.८ प्रतीचा साधा पोलादी बोल्ट ८०० पर्यंत. म्हणजे जागा न पाहता बदल केला तर आपण कमी ताकदीचा बोल्ट बसवतो.

दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. जुन्या बोल्टच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण असते, त्याची उंची आणि कड आजच्या बोल्टपेक्षा वेगळी असते. गाडी मूळ रूपात उभी करायची असेल तर तो बोल्ट हाही गाडीचाच भाग आहे. दुसऱ्या स्कूटरचे सगळे भाग मी घरी झिंक केले आणि आज तीन वर्षांनी ते चांगले आहेत. हरिपूरकर, आपण अवश्य करावे.

व्हॅट_नंबर_तीन:

मी कुपवाडला प्लेटिंगच्या कामात बावीस वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हरिपूरकर यांचे तुकडे हरवले ते चूक झाले, पण त्यामागचे कारण समजून घ्यावे. लहान माल बॅरलमध्ये फिरवूनच चालतो आणि बॅरलमध्ये माल एकमेकांवर आपटतोच. नाजूक भाग तारेत बांधून रॅकवर चालवा असे आधी सांगावे लागते आणि त्याची मजुरी वेगळी असते.

घरी झिंक चढते का? चढते. पण प्लेटिंगचे खरे काम टाकीत होत नाही, टाकीच्या आधी होते. आमच्याकडे परत आलेल्या खराब मालात दहापैकी आठ वेळा दोष धुण्यात सापडत असे. भागावर तेलाचा अंश राहिला तर झिंक वरून चढल्यासारखे दिसते आणि महिन्याभरात पापुद्रा होऊन निघते. तपासण्याची सोपी रीत अशी आहे: धुतलेला भाग स्वच्छ पाण्यात बुडवून वर काढावा. पाण्याचा पडदा सगळीकडे अखंड राहिला तर भाग स्वच्छ आहे. पाणी थेंबांत तुटले किंवा कोठे कोरडा डाग उघडा पडला, तर तेथे तेल आहे. मग पुन्हा धुवायचे. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचे नाही, कारण बोटाचा तेलकटपणाही पुरेसा असतो.

गंज काढण्यासाठी बहुतेक जण थेट हायड्रोक्लोरिक ॲसिड घेतात. घरी ते टाळा. त्याची वाफ खोलीतल्या सगळ्या हत्यारांवर गंज आणते आणि फुप्फुसांनाही चांगली नाही. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एका लिटरला ५० ग्रॅम घालून त्यात भाग काही तास ठेवावेत, अधूनमधून तारेच्या ब्रशने घासावेत. हळू होते, पण चांगले लोखंड फारसे खात नाही.

आणि आता सर्वांत गंभीर गोष्ट. स्प्रिंगा, स्प्रिंग वॉशर, सर्क्लिप (खाचेत बसणारी पोलादी कडी) आणि डोक्यावर १०.९ किंवा १२.९ लिहिलेले, म्हणजे अधिक कडक प्रतीचे, बोल्ट घरी प्लेट करू नका. ॲसिडात आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन तयार होतो, त्यातला काही अणुरूपाने पोलादात शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होते. असा बोल्ट आवळताना काहीच कळत नाही. तो दोन दिवसांनी, गाडी उभी असतानासुद्धा, तुटू शकतो. कारखान्यात असे भाग प्लेटिंगनंतर लगेच १९० ते २२० अंश सेल्सिअसवर कित्येक तास भाजतात. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन आणि कनेक्टिंग रॉड यांचा एकही बोल्ट घरच्या टाकीत जाऊ नये. डोक्यावर काहीच खूण नसेल आणि जागा जोखमीची असेल, तर तो कडकच आहे असे समजून बाजूला ठेवा.

हरिपूरकर:

मनापासून आभार. स्प्रिंग वॉशरचा धोका मला अजिबात माहीत नव्हता. मी ते घरी करायच्या पहिल्या खेपेत टाकूनच ठेवले होते, आज वेगळे काढले.

द्राक्षबाग:

मी तासगावजवळचा. आमच्या बागेसाठी कृषी सेवा केंद्रातून झिंक सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट नेहमी आणतो. व्हिनेगरमध्ये जस्त विरघळवत बसण्यापेक्षा झिंक सल्फेटच पाण्यात घातले तर चालणार नाही का? आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरून आधी तांब्याचा थर दिला तर झिंक अधिक घट्ट बसेल का?

रसायन_कराड:

द्राक्षबाग, आपला प्रश्न चांगला आहे. मी कराडला रसायनशास्त्र शिकवते, म्हणून आधी मोरचूदचे सांगते. लोखंडाचा खिळा मोरचूदाच्या द्रावणात बुडवला की तो लगेच तांबूस होतो, हा शाळेतला प्रयोग सर्वांनी केला असेल. तेथे वीज नसताना लोखंड विरघळते आणि तांबे बाहेर पडते. असे पडलेले तांबे भुसभुशीत असते, बोटाने पुसले तरी निघते. त्यावर चढवलेले झिंकही त्याच्याबरोबर निघेल. शिवाय तांबे आणि लोखंड यांच्या जोडीत गंज लोखंडाला लागतो, त्यामुळे झिंकला ओरखडा पडला की आतला भाग लवकर खराब होईल. मोरचूद बागेतच राहू द्या.

झिंक सल्फेट मात्र चालते. खतासाठी मिळणाऱ्या हेप्टाहायड्रेटमध्ये जस्त २१ टक्के असते आणि मोनोहायड्रेटमध्ये ३३ टक्के, म्हणून पिशवीवर कोणते लिहिले आहे ते पाहून वजन ठरवावे. अडचण अशी की खत म्हणून विकलेल्या मालात तांबे, शिसे, लोखंड यांचे अंश असू शकतात आणि त्यांतले तांबे व शिसे झिंकच्या आधी भागावर बसतात. थर काळपट येतो तो बहुधा यामुळे. उपाय साधा आहे. द्रावणात जस्ताच्या पत्र्याचे तुकडे रात्रभर टाकून ठेवावेत. तांबे आणि शिसे त्या तुकड्यांवर काळ्या थराच्या रूपाने जमा होते. सकाळी द्रावण गाळून घ्यावे आणि तुकडे बाजूला काढावेत.

झिंक लोखंडाला का वाचवते, हेही लिहिते, कारण त्यावरूनच पुढचे निर्णय होतात. धातू किती सहज झिजतो हे ज्यावरून कळते ते प्रमाण विभव जस्ताचे उणे ०.७६ व्होल्ट आहे आणि लोखंडाचे उणे ०.४४; जितके अधिक उणे तितका धातू आधी झिजतो. ओलाव्यात दोघे एकत्र असले की आधी जस्त झिजते आणि ओरखड्यातून उघडे पडलेले लोखंडही काही काळ सुरक्षित राहते. कल्हईच्या कथिलाचे याच्या उलट आहे. ते भांड्याला झाकते, पण लोखंडावर चढवले आणि कोठे फुटले, तर तेथे लोखंडच आधी गंजते. म्हणून गाडीच्या खालच्या भागांना झिंकच योग्य आहे.

प्रिया_१५०:

मॅडम, कल्हईचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आमच्या गल्लीत कल्हईवाले यायचे तेव्हा नवसागराचा पांढरा धूर उठायचा, तो वास मला अजून आठवतो. तोच नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, कारखान्याच्या झिंकच्या टाकीतही वापरतात हे पुढे कळले. माझे द्रावण मात्र साधे आहे: एक लिटर पांढरे व्हिनेगर, १०० ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आणि एक चमचा साखर. त्यात जस्ताचे तुकडे एक दिवस ठेवले आणि मग काम सुरू केले. साखरेने थर बारीक कणांचा आणि उजळ येतो, ती न घालता माझा थर राखाडी आला होता. पाणी लागलेच तर बॅटरीच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटर घालतो. नळाचे घालत नाही.

जस्ताचा पत्रा शुद्ध घ्यावा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू नये. त्यावरचा जस्ताचा थर थोड्याच वेळात संपतो आणि मग लोखंड विरघळून द्रावण बिघडते. पत्र्याला लावलेली क्लिप द्रावणाच्या वर राहील याची काळजी घ्यावी. तिचे तांबे द्रावणात उतरले की पुन्हा काळपटपणा येतो.

सज्जनगड_पायथा:

विजेचे कोणी सांगेल का? चार्जर थेट लावला तर माझा भाग पाच मिनिटांत काळा आणि खरखरीत झाला.

व्हॅट_नंबर_तीन:

त्याला आमच्याकडे भाग जळाला म्हणतात. प्रवाह जास्त झाला. चार्जर आपल्याला हवा तो प्रवाह देत नाही, भागाचे क्षेत्रफळ न पाहता जमेल तेवढा ढकलतो. म्हणून आधी क्षेत्रफळ काढायचे. आठ मिलिमीटरचा, २५ मिलिमीटर लांबीचा बोल्ट डोक्यासह अंदाजे १२ चौरस सेंटिमीटर भरतो. असे आठ बोल्ट म्हणजे जवळजवळ १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक चौरस डेसिमीटर. व्हिनेगरच्या द्रावणात एवढ्या मालाला एक अँपिअर पुरे. कारखान्याच्या टाकीत आम्ही याच्या दुप्पट तिप्पट देतो, पण ती टाकी वेगळी.

प्रवाह ठरवून देणारा पॉवर सप्लाय असेल तर उत्तम. नसेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीच्या वायरीत इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब मध्ये जोडा. तो पावणेदोन अँपिअरच्या पलीकडे जाऊ देत नाही. सोबत मीटर लावून पाहा आणि प्रवाह जास्त वाटला तर त्याहून लहान बल्ब घ्या. भाग ऋण टोकाला, जस्त धन टोकाला. जस्ताचे पत्रे दोन्ही बाजूंना लावा, कारण झिंक समोरच्या बाजूलाच जास्त चढते आणि पाठ कोरी राहते. नळीच्या आत किंवा खोल खाचेत घरच्या द्रावणात झिंक पोहोचतच नाही, तेथे नंतर तेल किंवा मेण लावावे.

रसायन_कराड:

वेळेचा हिशेब मी पूर्ण करते. एक अँपिअर प्रवाह एक तास दिला तर १.२२ ग्रॅम जस्त बसते. जस्ताची घनता घन सेंटिमीटरला ७.१४ ग्रॅम आहे. म्हणजे एक चौरस डेसिमीटरवर तासाला सुमारे १७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर, तोही सगळी वीज झिंक चढवण्यातच खर्च झाली तर. व्हिनेगरमध्ये काही वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते, म्हणून प्रत्यक्ष थर कमी येतो. अर्धा तास दिला तर साडेआठच्या जागी सहा सात मायक्रॉन धरावेत.

त्याहून जाड थराचा मोह बोल्टवर धरू नये. आट्याच्या दोन्ही उतारांवर थर चढत असल्याने आट्याचा परिणामी व्यास, म्हणजे आटे नटाशी जेथे भिडतात तेथला व्यास, थराच्या चौपट वाढतो. आठ मिलिमीटरच्या साध्या आट्याला नेहमीच्या ६जी बसणीत (आटा किती सैल ठेवायचा याचे प्रमाण) २८ मायक्रॉनची मोकळीक ठेवलेली असते, म्हणजे सात मायक्रॉनच्या थराने ती पूर्ण वापरली जाते. पुढे नट हाताने फिरणार नाही.

मिरज_गॅरेज:

हे वाचून माझे मत थोडे बदलले आहे. माझ्याकडे एका गाडीचे प्लेटिंग करून आणलेले बोल्ट नटात जात नव्हते, म्हणून आम्ही त्यांवर डाय, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, फिरवली होती. आता कळते की आम्ही चढवलेले झिंकच कापून काढले. तरीही ज्याला वेळ नाही त्याने नवीन ८.८ चा झिंकचा बोल्ट घ्यावा, हे मी म्हणेन.

कृष्णा_वेण्णा:

माझ्याकडे ॲम्बॅसॅडर आहे. बंपरचे क्रोमही अशाच रीतीने घरी करता येईल का?

रसायन_कराड:

कृपया करू नका. क्रोम प्लेटिंगच्या प्रचलित टाकीत षट्संयोजी क्रोमियम असते. त्यामुळे माणसाला कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे, आणि टाकीतून उठणाऱ्या बारीक तुषारांतून ते थेट श्वासात जाते. घरात मुले असतील तर विचारही करू नये. शिवाय बंपरला गंजापासून वाचवते ते क्रोमखालचे निकेल. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. निकेलचे जाड काम आणि आधीचे पॉलिशिंग कारखान्यातच होऊ शकते.

याच कारणाने गंज काढण्याच्या विजेच्या पद्धतीत, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, स्टेनलेसचा पत्रा धन टोकाला लावू नये. त्यातले क्रोमियम पाण्यात उतरते. तेथे साधे लोखंड वापरावे.

प्रिया_१५०:

एक गोष्ट राहिली. झिंक केल्यावर तसेच सोडले तर साताऱ्याच्या पावसाळ्यात पांढरा गंज लवकर येतो. माझे पहिले भाग श्रावण संपायच्या आत पांढरे झाले होते. वर पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकला वाचवणारा पातळ रासायनिक थर, लागते.

व्हॅट_नंबर_तीन:

बरोबर. पण जुन्या सोनेरी पिवळ्या पॅसिव्हेशनमध्येही तेच षट्संयोजी क्रोमियम असे. युरोपात गाड्यांच्या भागांवर गंजरोधक थर म्हणून ते जुलै २००७ पासून बंद झाले. घरी वापरायचे तर त्रिसंयोजी निळे पॅसिव्हेशन घ्यावे, आणि तेही हातमोजे व चष्मा घालून. बाटलीवर कोणते क्रोमियम ते वाचल्याशिवाय विकत घेऊ नये. मूळ भागांची सोनेरी छटा हवी म्हणून जुने पिवळे द्रावण शोधत फिरू नका. निळसर पांढऱ्या भागाने गाडीचे काही कमी होत नाही.

आणि जुन्या परदेशी गाड्यांच्या भागांवर कधी कधी झिंकऐवजी कॅडमियम या धातूचा थर असतो, दिसायला तसाच. त्याची भूल पडून कोरडे घासू नये. ती धूळ विषारी आहे. शंका असेल तर तो भाग कारखान्यात द्यावा.

द्राक्षबाग:

वापरून झालेले झिंकचे पाणी बागेत सोडले तर? झिंक तर आम्ही एरवीही देतोच.

रसायन_कराड:

नको. त्यात आता लोखंड, धुण्यातले तेल, आणि पॅसिव्हेशनचे पाणी मिसळले असेल तर क्रोमियमही आहे. खत मोजून दिले जाते, हे पाणी मोजलेले नाही. गटारातही नको, कारण विरघळलेले जस्त माशांना घातक असते आणि सांगलीचे गटार शेवटी कृष्णेलाच मिळते. पाण्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालत राहावे. फेस येईल, म्हणून भांडे मोठे घ्यावे. पीएच पट्टी नऊच्या आसपास आली की जस्त पांढऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. गाळ कापडातून गाळून, वाळवून, झाकणाच्या बरणीत नाव लिहून ठेवावा. पॅसिव्हेशनचे पाणी यात ओतू नये, त्याची वेगळी बाटली करावी.

व्हॅट_नंबर_तीन:

आमच्यासारख्या युनिटचा गाळ घातक कचरा म्हणून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ च्या वर्गीकरणात प्लेटिंगला लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या, श्रेणीत ठेवले, ते उगाच नाही. ओळखीच्या युनिटला आपली बरणी आणि बाटली घेता येईल का ते विचारावे. आणि आपल्या गाडीपुरते करणे वेगळे, पैसे घेऊन दुसऱ्याचे करणे वेगळे. पैसे घेऊन करायचे तर परवानगी लागते.

हरिपूरकर:

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. काम गच्चीवर, उघड्या हवेत केले. पहिल्या खेपेला आठ बोल्ट टाकले. दोन बोल्टांच्या डोक्यावर थर नखाने निघाला, आणि मला आठवले की तेच दोन मी धुतल्यावर हातात धरून पाहिले होते. ते लिंबूसत्त्वात पुन्हा साफ केले, पाण्याचा पडदा तपासला आणि चिमट्यानेच धरले. दुसऱ्या खेपेपासून एकही थर निघाला नाही. अर्धा तास, एक अँपिअर, दोन बाजूंना जस्त, आणि दर पाच मिनिटांनी भाग फिरवणे, एवढेच पाळले. नट हाताने जातात.

कार्बोरेटरच्या दांड्या सुंदर आल्या. रेडिएटरच्या पट्टीचा आतला कोपरा दोन प्रयत्नांनंतरही कोरा राहिला, तेथे मेण लावले. क्लिपा स्प्रिंगच्या पोलादाच्या असल्याने त्यांना हात लावला नाही. त्या, स्प्रिंग वॉशर आणि बॉनेटच्या स्प्रिंगा मिळून एकोणीस भाग वेगळे ठेवले आहेत. व्हॅट_नंबर_तीन यांनी सुचवल्याप्रमाणे, तारेत बांधून आणि यादी करून, प्लेटिंगनंतर भाजून देणाऱ्या युनिटला ते देणार आहे.

वडील रोज संध्याकाळी गच्चीवर येऊन बसतात. काल त्यांनी एक बोल्ट उचलून डोक्यावरची खूण वाचली आणि हा पुढच्या डाव्या मडगार्डचा, मीच १९८८ मध्ये पान्याने घसरवला होता, असे सांगितले. खूण आणि पान्याचा तो ओरखडा, दोन्ही झिंकखाली स्पष्ट दिसत आहेत.

व्हॅट_नंबर_तीन:

भाजण्याचे तापमान आणि तास युनिटकडून कागदावर लिहून घ्या. आणि भाजणे पॅसिव्हेशनच्या आधी व्हावे, नंतर नाही. एवढ्या उष्णतेत तो थर बिघडतो.

हरिपूरकर:

यादीच्या वरच लिहिले आहे.